छत्तीस किलो जास्त

परवा सकाळी चहा गाळत होते, तर कपात सावरीचा कापूस येऊन पडला. खिडकीतून आत शिरला, दुधाच्या पातेल्यावर जरा घुटमळला आणि नेमका माझ्याच कपात उतरला. म्हटलं, या! वर्ष झालं तुम्हाला. बाग सेवनियातल्या ह्या चौथ्या मजल्यावर चैत्र येतो तो असा. खालच्या रस्त्यावर कोचिंगवाल्यांचे फलक लागलेत, आमच्या मुलांना इतके टक्के, तुमच्या मुलांना किती म्हणून. एम.पी. नगरातून रिक्षा न्यावी तर खांबाखांबावर हसरी पोरं टांगलेली. भोपाळच्या हवेत ह्या दिवसांत दोनच गोष्टी तरंगतात, सेमलचा, म्हणजे ह्याच सावरीचा, कापूस आणि परीक्षेची भीती. मी जन्मभर गणित शिकवलं, तेव्हा दुसरीतला माझाही थोडा वाटा आहे.

आमचे हे असते तर त्यांनी तो कापूस चहातून अलगद काढला असता, पंख्याखाली वाळवला असता आणि खिडकीतून सोडून दिला असता. वर मला ऐकवलं असतं, "बघ कसा उतरतो. घाई म्हणून नाही." ह्यांना जाऊन नऊ वर्षं झाली. झोपेत गेले. विमानातून पडून मरतील ह्या धास्तीनं ज्या माणसापायी मी एक अख्खा उन्हाळा नीट जेवले नाही, तो माणूस ऐंशीव्या वर्षी कुशीवर झोपल्या झोपल्या गेला. मला कधीकधी त्या न जेवलेल्या जेवणांचा राग येतो.

तो उन्हाळा सांगायचा म्हणजे आधी आमची टाउनशिप सांगायला हवी. ह्यांचा कारखाना सरकारी, अवजड यंत्रांचा. तिथं एकेक नग असा की रेल्वेला त्याच्यासाठी वेगळी वाघीण लागे. रस्ते सरळ, क्वार्टरं सारखी, आंब्याची झाडंसुद्धा ओळीनं लावलेली. सकाळच्या भोंग्याबरोबर सायकलींचा लोंढा फाटकाकडे निघायचा. पुण्याहून, नागपूरहून, केरळातून, पंजाबातून आलेली माणसं एका भोंग्यावर उठायची आणि एका भोंग्यावर जेवायची. आम्ही सांगलीकडचे. घरात शुद्ध मराठी, आणि भाजीवाल्याशी बोलताना "भैया, जरा अच्छा देना हं" अशी खिचडी.

हे ड्रॉइंग ऑफिसात होते. बावीस वर्षं. नकाशे परदेशातून यायचे, त्यांची नक्कल करायची, आणि प्रत्येक नकाशावर शिक्का, बदल करू नये. एकदा ह्यांच्या ध्यानात आलं की एका झाकणाचं भोक दोन मिलिमीटर सरकवलं तर फिटरचा हात आत जाईल, त्याचं मनगट सोलवटणार नाही. एवढंसं भोक! त्याच्यासाठी सात सह्या लागत होत्या. पाच मिळाल्या. सहावे साहेब बदलून गेले, आणि कागद पुन्हा पहिल्यापासून फिरला. सूचनांसाठी एक पेटीही होती, दाराशी टांगलेली, तिला कुलूप. किल्ली कुणाकडे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. हे घरी येऊन हसत सांगायचे. पण हसून झालं की बराच वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसायचे.

आणि मग एका जानेवारीत ह्यांनी जुन्या कॅलेंडरची पानं उलटी चिकटवली आणि त्यांच्यावर एक विमान काढलं.

विमान म्हणजे बिनइंजिनाचं. दोन लांब पंख, खाली एक उघडी बैठक, पुढे हातात धरायची काठी, पायाशी एक आडवा दांडा, मागे शेपूट. चाकंसुद्धा नाहीत, नुसती लाकडी घसरपट्टी. उतारावर समोरच्या वाऱ्यात दोरीनं ओढायचं, की उचललं जाणार, आणि उताराच्या पायथ्याशी जाऊन टेकणार. एवढंच. मी म्हटलं, "एवढ्याचसाठी एवढं?" तर म्हणाले, "अगं, ह्या नकाशावर सही एकच लागते. माझी." आणि केलीसुद्धा सही, कोपऱ्यात, झोकात. सहीच्या खाली दोन आकडे लिहिले होते, ६८ आणि ५२. मी विचारलं, हे काय? "असू दे. लागतं." मला वाटलं असतील काही कोन-बिन. गणिताची बाई मी, पण त्या दोन आकड्यांनी मला पार चकवलं.

फेब्रुवारीत अंगणात सांगाडा उभा राहिला. भंगारबाजारातून आणलेल्या नळ्या, देवदाराच्या पट्ट्या. आणि मग माणसं यायला लागली. पहिला वेल्डर वाजिदभाई, जुन्या भोपाळचा, तोंडात पान आणि बोलण्यात पानाहून जास्त रंग. कुंपणाशी सायकल टेकवून पाच मिनिटं नुसता बघत राहिला, मग त्याचं ते भोपाळी "को खां", म्हणजे आपलं "काय हो". "को खां जोशीजी, जे क्या बना रिये हो? खटिया तो नईं लग री।" हे म्हणाले, हवाई जहाज. वाजिदभाईनं पान थुंकलं, कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाला, "तो फिर जोड़ मैं लगाऊँगा। आपके हाथ का जोड़ देख के मुझे रोना आ रिया है।" दुसऱ्या दिवशी रंगखात्यातले पिल्लै आले, तिसऱ्या दिवशी गुर्जर. हा गुर्जर कारखान्याच्या रस्सीखेच संघाचा कप्तान, दारातून आडवा होऊन आत यायचा. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. पहिल्या पाळीचा भोंगा झाला की हे तिघे अंगणात हजर, आणि मी चहाचं आधण ठेवायची.

मला तेव्हा आश्चर्य वाटायचं ते त्यांच्या चेहऱ्यांचं. हेच लोक कारखान्यातून दमून, चिडून, साहेबाला शिव्या देत यायचे. अंगणात पाऊल टाकलं की वेगळेच. इथं कुणी कुणाला हुकूम देत नव्हतं. "ऐसा करके देखें?" एवढंच एक वाक्य दिवसभर ऐकू यायचं. करून बघायचे, चुकायचे, हसायचे, पुन्हा करायचे. बावीस वर्षांत मी ह्यांना कारखान्यातल्या कामाबद्दल "करून बघू" असं म्हणताना कधी ऐकलं नव्हतं.

पंखांचं कापड माझ्याकडे आलं. मांजरपाट. बोर्डाच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पलंगावर आणि मांजरपाटाचा तागा शिवणयंत्रावर, अशी माझी त्या वर्षीची परीक्षा. उशीला अभ्रा शिवतात तसे पंखांना लांबलचक अभ्रे शिवायचे, सांगाड्यावर ओढायचे आणि वरून साबुदाण्याची खळ द्यायची. साडीला देतो तीच. उन्हात वाळली की कापड ताठ होई, टिचकी मारली तर ढोलकीगत वाजे. पण खळ ती खळ. पावसाचे चार थेंब पडले तरी सगळं ओघळून जाणार. म्हणजे जे काय व्हायचं ते वैशाखातल्या वाऱ्यात, पावसाच्या आत.

आणि आता कबूल करते. मी त्या पंखांना अस्तर लावलं. ह्यांना न सांगता.

नकाशात कापड एकपदरी होतं. एकपदरी! मुलीच्या परकराला आपण दुपदरी काठ लावतो, आणि हा माणूस एक पदर कापडावर हवेत जाणार? एकदा दुपारी हे कामावर असताना मी सगळा अभ्रा आतून दुपदरी करून टाकला. शिवण बाहेरून दिसत नव्हती. खळीनं दोन्ही पदर एकजीव झाले. मला फार बरं वाटलं. त्या रात्री मी पोटभर जेवले.

रोज संध्याकाळी वारा सुटला की हे विमान अंगणात वाऱ्याकडे तोंड करून खुंट्यांना बांधायचे आणि म्हणायचे, "जरा बस गं, काठी धर. मला मागच्या तारा बघायच्यात." मी पदर खोचून बसायची. वाऱ्यात पंख थोडे हलायचे. डावीकडे कलले की काठी उजवीकडे, उजवीकडे कलले की डावीकडे. पायानं दांडा. ह्यांच्या तारा महिनाभर बघून होईनात. वाजिदभाई हसायचा, "भाभी, पायलट तो आप हो गईं।" मी म्हणायची, पायलट कसली, आमटी उतू जातेय तिकडे.

मार्चच्या शेवटी नगर प्रशासनाची नोटीस आली. अंगणात अनधिकृत बांधकाम आढळले आहे, दीड महिन्यात हटवावे, अन्यथा क्वार्टर रद्द करण्याची कारवाई होईल. हे अनधिकृत बांधकाम म्हणजे आमचं विमान! ह्यांनी नोटीस दोनदा वाचली, घडी करून खिशात ठेवली. "हटवतो ना. उडवूनच हटवतो." मला हसू आलं नाही. क्वार्टर गेलं तर जायचं कुठं? आणि हे थांबणार नाहीत हेही मला कळत होतं.

मागच्या माळावर, जिथं जमीन पश्चिमेकडे उतरत जाते, तिथं उडवायचं तर परवानगी हवी. फॉर्म मागवला. कारण लिहायच्या रकान्यात छापील पर्याय, लग्न, कीर्तन, क्रिकेट सामना, रावणदहन, इतर. ह्यांनी "इतर"वर खूण केली. समोर लिहिलं, उड्डाण. इस्टेट ऑफिसर श्रीवास्तवसाहेब म्हणजे निवृत्तीला आलेला, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा माणूस. त्यांनी आम्हा दोघांना बोलावून घेतलं.  मग मला विचारलं, "मैडम, आप राज़ी हैं?" मी ह्यांच्याकडे पाहिलं नाही. "जी," म्हटलं. अस्तर होतं ना आत.

साहेबांनी फाइलवर जे लिहिलं ते मला अजून शब्दन्‌शब्द पाठ आहे. "मैदान रविवार शाम साढ़े छह बजे तक दिया जाता है। ज़मीन से ऊपर का भाग इस कार्यालय के अधिकार में नहीं आता।" आणि सही. बावीस वर्षांत ह्यांना एका झटक्यात मिळालेली ही पहिली सही. बाहेर आल्यावर हे व्हरांड्यातल्या बाकावर बसले आणि डोळे पुसले.

त्या पहिल्या रविवारी अर्धी टाउनशिप माळावर लोटली. भेळवालासुद्धा आला. गुर्जरचा आठ जणांचा संघ बनियनवर, दोरी खांद्यावर. वारा छान होता, समोरून, गरम. हे बसले. गुर्जर ओरडला, "ज़ोर लगा के..." आणि आठही जण उतारावरून धावत सुटले. विमान सरकलं, खडखडलं, आणि निघालं. निघालं म्हणजे जमिनीवरूनच. पायथ्यापर्यंत गवत आणि माती उकरत गेलं आणि थांबलं. मागे लांब सरळ चर.  मग गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "को खां, खेत जोत रिये थे क्या?" आणि जे हसू फुटलं! मी पण हसले. मोठ्यानं हसले. मला इतका आनंद झाला होता की तो हसण्यात लपवावा लागला.

हे मात्र हसत नव्हते आणि चिडतही नव्हते. सोमवारी सहकारी भांडारात गव्हाची पोती तोलायच्या काट्यावर विमानाचे भाग एकेक करून ठेवले. नकाशाप्रमाणे पंच्याऐंशी किलो. काट्यावर एकशे एकवीस. छत्तीस किलो जास्त!

संध्याकाळी अंगणात सगळ्यांना चहा देऊन झाला, तेव्हा हे शांतपणे म्हणाले, "जिसने जो बढ़ाया है, बता दो। सज़ा कोई नहीं।"  मग वाजिदभाईनं बशी खाली ठेवली. प्रत्येक जोडावर त्यानं आतून एकेक जादा पट्टी मारली होती. "भाईजान, ऊपर आप जाओगे। नीचे भाभी तो मुझे देखेंगी ना।" मग पिल्लै. एक हात रंग सांगितला होता, त्यांनी मशीनला देतात तसे तीन हात दिले होते, गंजायला नको म्हणून. मग गुर्जर. तार बारीक वाटली म्हणून त्यानं जाड तार ओढली होती. कारखान्यात जन्म गेलेली ही माणसं. तिथं शंका आली की लोखंड वाढवायचं, हाच शिरस्ता. जास्त वजनानं कधी काही बिघडतं हे त्यांच्या स्वप्नातसुद्धा नव्हतं. प्रत्येकानं चोरून थोडं थोडं वाढवलं होतं, आणि प्रत्येकानं ते ह्यांच्या काळजीपोटी वाढवलं होतं. काळजीनंच विमान जमिनीला चिकटवून ठेवलं होतं.

ह्यांनी बेरीज केली. पट्ट्या चौदा, रंग नऊ, तारा आठ. एकतीस. "पाँच कहाँ गए?" सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मी कप गोळा करून आत गेले.

पाच किलो माझे होते. मला कागदसुद्धा लागला नाही. अस्तराचं कापड आणि त्यानं प्यालेली खळ, पाच. मी मोरीपाशी उभी राहून तोच हिशेब पुन्हा पुन्हा केला, आणि दर वेळी माझ्या मनात एकच येई की गप्प राहायचं. बाकीच्यांचे एकतीस निघतील, पण हलकं असेल तेवढंच ते उचललं जाईल, हे मी ह्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. माझे पाच राहिले तर ते उठणार नाही. मुदत संपेल, नोटीशीप्रमाणे विमान मोडलं जाईल, क्वार्टर राहील, आणि हे जिवंत राहतील. चोरी म्हणावी तर कुणाचं काही जात नव्हतं. मी फक्त बोलायचं नव्हतं. बायका जन्मभर कशाकशावर बोलत नाहीत, त्यात आणखी एक!

श्रीवास्तवसाहेबांनी आणखी एक रविवार दिला, शेवटचा, तीन आठवड्यांनंतरचा. हे पाच किलो शोधत राहिले. लाकडानं ओल धरली असेल म्हणून पट्ट्या उन्हात टाकल्या. खिळे मोजले. बैठकीची सुतळी तोलली. तीन दिवस. मी पलंगावर उत्तरपत्रिका तपासत खिडकीतून बघत होते, आणि लाल पेन्सिल हातात नुसतीच.

चौथ्या दिवशी ह्यांनी नकाशा काढला आणि खोडरबर घेतला.

मी दचकले. "काय करताय?" तर म्हणाले, "माझंच चुकलं असणार गं. कापडाचं वजन मीच कमी धरलं. इतकी वर्षं दुसऱ्यांचे नकाशे उतरवले, स्वतःचं काही काढायची अक्कल कुठून येणार?" आणि पंखाच्या रेषेवर रबर ठेवला.

मी बावीस-तेवीस वर्षं पेपर तपासत होते. त्यात मला सर्वांत वाईट वाटतं ते एकाच गोष्टीचं. मुलानं बरोबर उत्तर लिहिलेलं असतं, आणि मग शेजारच्याकडे बघून, नाहीतर घाबरून, ते खोडलेलं असतं. खोडलेल्या उत्तराला गुण देता येत नाहीत. चुकलेल्या मुलासाठी मी कधी रडले नाही, पण बरोबर खोडणाऱ्यांसाठी रडले आहे. आणि इथं माझ्या घरात, माझ्यामुळं, माझा नवरा आपलं बरोबर उत्तर खोडायला निघाला होता. त्याचं आयुष्य वाचवायला मी त्याच्या आयुष्यातली एकमेव सही पुसत होते.

"थांबा," मी म्हटलं. "पाच किलो माझे आहेत. मी अस्तर लावलंय."

 मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, जन्मभर लक्षात राहील असं. पण ह्यांनी रबर टेबलावर ठेवला, आणि इतकंच विचारलं, "दुपदरी? सगळं?" मी मान हलवली. "किती बारीक शिवलंस गं! मला कळलंसुद्धा नाही." मला रडूच कोसळलं. म्हटलं, मला भीती वाटते हो. हे म्हणाले, "मला पण वाटते."

ती शिवण उसवायला आठ दिवस लागले. उन्हाळ्याची सुट्टी, दुपारची वेळ, आणि मांडीवर दहा हात लांबीचा पंखाचा अभ्रा. खळ धुवायची, टाके उसवायचे, अस्तर ओढून काढायचं, पुन्हा एकपदरी शिवायचं, पुन्हा खळ. शिवताना भीती वाटली नव्हती. उसवताना वाटत होती, आणि प्रत्येक टाक्याला वाटत होती. बाहेर वाजिदभाई घासून घासून स्वतःच्याच पट्ट्या काढत होता आणि बडबडत होता, "लगाने में इज़्ज़त, निकालने में ज़िल्लत।" पिल्लै पॉलिश-पेपरनं रंग खरवडत होते. काढलेलं सगळं हे एका पोत्यात भरून ठेवत होते. मी म्हटलं, हे कशाला? "लागेल."

तेव्हापासून मला एक कळलंय. माणसाला काही नवं करून बघायचं तर पैसा, अवजारं, अक्कल हे पुढचं. आधी त्याला आपल्या अंगणात चुकायची मुभा लागते, आणि ती बहुधा त्याची माणसंच देत नाहीत. साहेब सात सह्या मागतात, आपण अस्तर लावतो. त्या उन्हाळ्यानंतर वाजिदभाईनं कारखान्यात वेल्डिंगचा एक नवा घोडा बनवला, नग कमरेच्या उंचीला धरणारा, कुणाला न विचारता, आणि त्यानं शंभर जणांच्या पाठी वाचल्या. ह्यांनी ते भोक सरकवलं. एकाही सहीशिवाय. कुणी काही म्हटलं नाही.

शेवटच्या रविवारी गर्दी निम्मीच होती. हसून झालेली माणसं दुसऱ्यांदा येत नाहीत. वैशाखाचा वारा पश्चिमेकडून असा येत होता की उभं राहिलं तर पदर मागे ताठ. पुढे ह्याच शहराला हवेचीच धास्ती बसली, तो विषय निराळा आणि तो मी इथं काढणार नाही. त्या संध्याकाळी हवा आमची होती. सेमलचा कापूस माळभर उडत होता, आणि हे त्याच्याकडे बघून वाऱ्याचा अंदाज घेत होते.

गुर्जरनं हाळी दिली. आठ जण धावले. विमान सरकलं, खडखडलं. आणि मग खडखडाट थांबला.

तेवढंच सांगता येतं मला. आवाज थांबला. घसरपट्टीखाली ऊन दिसलं. मग गुर्जरच्या डोक्याच्या वर घसरपट्टी, मग आठांच्याही वर, दीड पुरुष उंच, दोरी गळून पडली, आणि माझा नवरा ज्याला जिना चढताना गुडघा दुखायचा, तो कशाचा आधार न घेता, कुणाला न विचारता, माझ्या एकपदरी मांजरपाटावर हवेत होता. मांजरपाटातून मावळतीचं ऊन आरपार दिसत होतं. मी हात जोडले होते की छातीवर धरले होते, आठवत नाही. मी सेकंद मोजत होते. सतरा झाले तेव्हा ते टेकले.

वाजिदभाई मातीत बसून लहान पोरासारखा रडत होता. पिल्लै मल्याळममध्ये काहीतरी ओरडत सुटले होते. श्रीवास्तवसाहेब टोपी हातात घेऊन उभे. सगळ्यांनी मिळून विमान परत उतारावर आणलं. हे माझ्याकडे आले. धुळीनं माखलेले, डोळे लाल. मला वाटलं काहीतरी म्हणतील. तर हे साहेबांकडे वळले, "साहब, साढ़े छह में कितना है?" साहेबांनी कपाळावरचा चष्मा खाली घेतला, घड्याळ पाहिलं. "बारह मिनट।"

हे घरून आणलेल्या त्या पोत्याकडे गेले. अर्धं पोतं रिकामं केलं आणि उरलेलं बैठकीच्या पुढे, नाकाशी बांधायला लागले. "वजन कमी असलं की नाक वर जातं," स्वतःशीच बोलल्यागत. माझं अस्तर, वाजिदभाईच्या पट्ट्या. मग बैठकीवरची धूळ हातानं झटकली आणि म्हणाले, "बस."

"मी?"

"बावन्न किलो. नकाशात पहिल्या दिवसापासून आहेस."

मी नाही म्हणायला तोंड उघडलं. पण महिनाभर बघून न संपलेल्या त्या तारा आठवल्या, आणि लबाड माणूस, सगळं कळलं! मी नऊवारी नेसल्यासारखा पदर आणि निऱ्या खोचल्या, बसले, काठी धरली. हे बाजूला उभे. पंख धरून ठेवलेला हात त्यांनी काढून घेतला. मी अस्तर काढायला आठ दिवस घेतले होते. ह्यांनी हात काढायला क्षणही घेतला नाही.

खडखडलं. थांबलं. खाली गवत मागे पळत होतं आणि त्याचा आवाज नव्हता. गुर्जरच्या डोक्यावरचं टक्कल दिसलं, ते त्यानं सगळ्यांपासून लपवलेलं. मागून हे ओरडत धावत होते, "काठी सरळ! सरळ!" सरळच होती. माझ्या डोळ्यांच्या रेषेत, हातभर अंतरावर, सेमलचा एक पुंजका तरंगत होता, आणि आम्ही दोघं बराच वेळ बरोबर गेलो.

तो नकाशा आता माझ्या दिवाणखान्यात टांगलेला आहे, मागे कॅलेंडरचे महिने दिसतात. कोपऱ्यात ह्यांची सही, खाली दोन आकडे. त्या रात्री ह्यांनी त्यांच्यापुढे आणखी दोन आकडे लिहिले. अडुसष्टपुढे १७. बावन्नपुढे १९. येणारे-जाणारे विचारतात, हे काय आहे? मी सांगते, पहिली वजनं आहेत आणि दुसरे गुण. माझे दोन जास्त आहेत.